आधी वॉचमन बदला!

आयटीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी एक गैरसमज नांदत असतो. आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, हा तो गैरसमज. प्रिंटर अडला, आपल्याला फोन. वायफाय गेलं, आपल्याला फोन. टीव्हीचा रिमोट चालेना, तरी आपल्यालाच. आणि मंडळी, खरं सांगायचं तर हा गैरसमज आपल्यालाही मनातून आवडत असतो. मी त्यातलीच. आठवडाभर हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या (टेस्टिंग, बॉस!) आणि सुट्टीत डोंबिवलीला घरी गेलं की घरातली एकुलती एक तज्ज्ञ म्हणून मिरवायचं. या मिरवण्याचं बिल मला जानेवारी २०२६ मधल्या एका शनिवारी रात्री आलं.

पण गोष्ट सुरू होते त्याआधीच्या दिवाळीत.

बाबांचा डेस्कटॉप २०१२ सालचा. दुकानदाराकडून जुळवून घेतलेला, टेबलाखाली घरघरणारा, पण कामाला वाघ. त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. बाबांचं मशीन या प्रवेशपरीक्षेत पहिल्याच पेपरला नापास! मग माझ्यातली तज्ज्ञ जागी झाली. म्हटलं, बाबांना लिनक्स द्यायचं. फुकट आहे, जुन्या मशीनवर नीट चालतं, अपडेट्स मिळत राहतात. पाडव्याला बाबा दुपारचे झोपले असताना मी हार्ड डिस्कवर थोडी जागा मोकळी केली, उबुंटू टाकलं आणि विंडोजही शेजारी तसंच राहू दिलं. याला म्हणतात ड्युअल बूट. कॉम्प्युटर चालू केला की एक यादी येते, त्यातून हवी ती सिस्टिम निवडायची. एकदम झक्कास.

बाबांना विचारलं होतं का? छे! सरप्राइज होतं ना ते.

बाबा उठले, चष्मा लावून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बरं दिसतंय." मी खूश होऊन पुण्याला परत.

जानेवारीत घरी गेले तर मॉनिटरच्या कोपऱ्यात एक पिवळा कागद चिकटवलेला. बाबांचं मोत्यासारखं अक्षर : 'चालू केल्यावर उठू नये. खालचा बाण. विंडोजची ओळ. एंटर.'

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "अगं, रोजचंच आहे ते. बटण दाबायचं, स्वयंपाकघरात चहा टाकायला यायचं, ही यांची पंधरा वर्षांची सवय. परत जाऊन बघतात तर तुझं ते जांभळं चालू झालेलं. मग एक डाव पत्ते खेळतात, बंद करतात आणि पुन्हा चालू करून समोर राखण करत बसतात."

झालं होतं असं, की यादी काही सेकंदच थांबते. तेवढ्यात कुणी काही निवडलं नाही तर पहिल्या ओळीतली सिस्टिम सुरू होते, आणि पहिल्या ओळीत मी बसवलेलं लिनक्स होतं. बाबांना मात्र रोज विंडोजच लागायचं. ते सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. शिवाय सोसायटीच्या वीस वर्षांच्या नोटिसा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्या फॉन्टची गंमत माहितेय ना? फाइलीत खरी मराठी नसतेच. असतात इंग्रजी अक्षरांचे कोड, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो फॉन्ट मला लिनक्समध्येही टाकता आला असता. पण त्यासाठी बाबा या मशीनवर नक्की काय करतात, हे आधी विचारायला हवं होतं.

"बाबा, मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू एवढ्या हौसेनं घालून गेलीस. म्हटलं, होईल सवय."

तीन महिने! तीन महिने हा माणूस माझ्या हौसेखातर रोज दोनदा कॉम्प्युटर चालू करत होता. मला इतकं लाजल्यासारखं झालं, की त्या लाजेत मी ताबडतोब पुढची चूक केली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढून टाकते. यावेळीही विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोसायटीची सभा आहे, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा पूर्ण हिशेब तिथं मांडायचा आहे आणि त्याच्या प्रिंट अजून काढायच्या आहेत.

मी विंडोज सुरू केलं, डिस्क मॅनेजमेंट उघडलं, लिनक्सची पार्टिशन्स शोधली, राइट क्लिक, डिलीट, यस. पाच मिनिटांत काम फत्ते. "बाबा, या! आता बटण दाबा आणि खुशाल चहाला जा."

बाबांनी बटण दाबलं. काळी स्क्रीन. वर पांढऱ्या अक्षरांत 'एरर : नो सच पार्टिशन'. त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारा कर्सर. बस्स.

बाबा शांतपणे म्हणाले, "हिशेब आतच आहेत." वेळ रात्रीचे नऊ.

आता हे का झालं, ते समजून घ्या, कारण सगळा फंडा इथंच आहे. कॉम्प्युटर चालू झाला की त्याला स्वतःहून काहीच ठाऊक नसतं. विंडोज कुठं आहे, लिनक्स कुठं आहे, काही नाही. बाबांच्या मशीनसारख्या जुन्या पद्धतीत तो हार्ड डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा फक्त ५१२ बाइट्सचा, नाव मास्टर बूट रेकॉर्ड. त्यातले ६४ बाइट्स म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याचा तक्ता, शेवटचे २ बाइट्स म्हणजे शिक्का आणि उरलेले ४४६ बाइट्स म्हणजे सुरुवातीचा प्रोग्राम. ४४६ बाइट्स म्हणजे किती? युनिकोडमधल्या मराठीची दोन छोटी वाक्यं जेमतेम मावतील, एवढीशी जागा.

हा प्रोग्राम म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. आधी तिथं विंडोजचा वॉचमन होता. मी उबुंटू टाकलं तेव्हा त्यानं आपला वॉचमन बसवला. त्याचं नाव ग्रब. हा हुशार, दोन्ही बिऱ्हाडं ओळखणारा, आल्या-गेल्याला 'कुणाकडे जायचंय?' विचारणारा. पण गेटवरच्या केबिनमध्ये जागा किती? ४४६ बाइट्स! म्हणून त्याचं रजिस्टर, त्याची यादी, बाकीचं सामान सगळं ठेवलेलं असतं लिनक्सच्या फ्लॅटमध्ये. आणि मी काय केलं? वॉचमन गेटवर तसाच ठेवला आणि तो फ्लॅट पाडून टाकला. रजिस्टरसकट. आता तो बिचारा गेटवर उभा राहून म्हणतोय, 'तो फ्लॅटच सापडत नाही, मी काय करू?'

यात एक दिलासा दडलेला आहे, तो त्या घाईत मला पटायला दहा मिनिटं लागली. वॉचमन गोंधळलाय म्हणून शेजारचं बिऱ्हाड कुठं जात नाही! विंडोज जागच्या जागी होतं, बाबांचे हिशेबही. फक्त गेट उघडत नव्हतं. अशा वेळी सगळ्यात वाईट काय कराल, तर घाबरून नव्यानं विंडोज इन्स्टॉल करायला घ्याल आणि त्या भरात डिस्क फॉरमॅट कराल. ते तेवढं करू नका.

पहिलं काम, हिशेब बाहेर काढणं. बाबांनी ड्रॉवर उघडला. आत दिवाळीतला उबुंटूचा पेनड्राइव्ह, त्यावर पांढरी चिकटपट्टी : 'लेकीचा. पुसू नये.' या पेनड्राइव्हवरून उबुंटू इन्स्टॉल न करताही नुसतं चालवून बघता येतं. ते चालू केलं, विंडोजचा भाग उघडला, सोसायटीचं फोल्डर दिसलं! ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी केलं. ज्याला काढून टाकायला निघाले होते त्यानंच पहिला हात दिला, याची नोंद घ्यावी.

पण नुसत्या फाइली हातात येऊन प्रिंट निघणार नव्हत्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये, फॉन्ट विंडोजमध्ये. म्हणजे गेट उघडायलाच हवं. त्यासाठी विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह हवा, किमान ८ जीबीचा, आणि तो बनवायला दुसरा चालू कॉम्प्युटर. माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप होता, पण ऑफिसनं यूएसबी पोर्ट बंद करून ठेवलेले. तुमच्याही ऑफिसात असतील. अख्ख्या मजल्यावर दिवा चालू होता तो एकाच घरात. समोरच्या काकांच्या.

आता हे काका म्हणजे कोण? दर सभेत उभं राहून 'खजिनदारांनी खुलासा करावा' म्हणणारे काका! बाबा दारापाशी दोन मिनिटं नुसते उभे होते. हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे न करणारा माणूस, आणि सभेच्या आदल्या रात्री त्याच माणसाच्या दारात जाऊन सांगायचं, की हिशेब कॉम्प्युटरमध्ये अडकलेत. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही थांबा. मी जाते." बाबा म्हणाले, "नको. माझं काम आहे ते." आणि बेल त्यांनीच वाजवली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना गं?" (हा टोमणा मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे.) आणि लॅपटॉप, चार्जर, वर स्वतः असे आमच्या घरी आले.

चारेक जीबीचं डाउनलोड, मग पेनड्राइव्ह तयार होणं, यात तास-दीड तास गेला. आईनं पोहे केले. साडेअकराला बाबांचं मशीन त्या पेनड्राइव्हवरून चालू केलं. भाषा निवडायची पाटी आली, पुढं गेलो आणि जिथं मोठ्या अक्षरात 'इन्स्टॉल' लिहिलंय ते बटण सोडून खाली कोपऱ्यातलं 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' दाबलं. तिथून ट्रबलशूट, तिथून कमांड प्रॉम्प्ट. काळी खिडकी उघडली. त्यात एकच ओळ : बूटरेक, मग एक जागा सोडून तिरकी रेघ, तिला चिकटून फिक्सएमबीआर. एंटर. (लिहायची अर्थात इंग्रजी अक्षरांत.)

ही कमांड करते काय? ४४६ बाइट्सच्या केबिनमध्ये पुन्हा विंडोजचा वॉचमन बसवते. शेजारच्या ६४ बाइट्सच्या तक्त्याला हात लावत नाही, त्यामुळे डिस्कवरचे भाग आहेत तसेच राहतात. एक सेकंदही लागला नाही. 'ऑपरेशन यशस्वी' अशा अर्थाची एक कोरडी इंग्रजी ओळ आली. पेनड्राइव्ह काढला, मशीन पुन्हा चालू केलं. बाबा, काका, आई, मी, चौघं एका स्क्रीनसमोर. विंडोजची खिडकी उमटली. हुश्श!

बारा वाजता प्रिंटर घरघरायला लागला. काकांनी पहिली प्रत हातात घेतली आणि जाता जाता म्हणाले, "बघतो रात्री वाचून."

तर मंडळी, यातून घ्यायचं काय? दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम काढणं अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते क्रम पाळणं. आधी वॉचमन बदला, मग फ्लॅट रिकामा करा. मी उलटं केलं. तुम्ही असं करा :

१. आधी बॅकअप. दोन्ही सिस्टिममधल्या कामाच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. लिनक्समध्ये ठेवलेल्या फाइली विंडोजमधून सहसा दिसत नाहीत, त्यामुळे लिनक्स चालू करूनच त्या काढा.

२. तुमचं मशीन कोणत्या पद्धतीचं ते बघा. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, त्यात बायोस मोड अशी ओळ असते. तिथं 'लेगसी' लिहिलं असेल तर बाबांच्या मशीनसारखं जुनं प्रकरण. 'यूईएफआय' असेल तर नवं. तुमच्या लॅपटॉपवर बहुतेक हेच असेल.

३. लेगसी असेल तर वर सांगितलेली फिक्सएमबीआरची कमांड लिनक्स काढण्याच्या आधी चालवा. मशीन बंद-चालू करून बघा. यादी न येता थेट विंडोज उघडलं की वॉचमन बदलला.

४. यूईएफआयमध्ये काम आणखी सोपं आहे. इथं दोन्ही वॉचमन ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाच्या एका छोट्या भागात आपापल्या फोल्डरमध्ये राहतात आणि आधी कुणाला हाक मारायची याची यादी मदरबोर्डकडे असते. मशीन चालू होताना एफ२ किंवा डिलीट (कंपनीगणिक बटण बदलतं) दाबून सेटिंग्जमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर आणा. पण त्याआधी बिटलॉकर चालू आहे का बघा. असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की लिहून ठेवा. सेटिंग्ज बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर खरोखरच गेट बंद!

५. आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन लिनक्सचा भाग डिलीट करा. ओळखायचा कसा? आकारावरून. दिवाळीत मी बाबांच्या डिस्कवर ठेवला होता तसा तुम्हीही ठराविक आकडा दिला असेल, तो आठवा. नाव नसलेला प्रत्येक भाग लिनक्सचाच असतो असं नाही. ईएफआयचा छोटा भाग आणि विंडोजचा रिकव्हरीचा भाग, यांना चुकूनही हात लावू नका. ईएफआयमध्ये विंडोजचा वॉचमनही राहतो.

६. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करून त्याला जोडा. मध्ये दुसरा भाग असेल तर तो पर्याय मिळणार नाही. तेव्हा त्या जागेत नवा ड्राइव्ह करून टाका, उगाच ओढाताण नको.

आणि हे सगळं करण्याआधी सातवी गोष्ट, जी खरं तर पहिली आहे. ज्याचं मशीन आहे त्याला विचारा, उद्या काही काम आहे का?

विंडोज १० चं पुढं काय, हा प्रश्न राहतोच. घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेट्ससाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर केली होती. बाबांचं मशीन मी त्यात नोंदवलं. बँकेची कामं त्यावर करायची नाहीत असं ठरलं. मुदत संपायच्या आत नवा कॉम्प्युटर घ्यायचा, हेही ठरलं. यावेळी ठरवताना बाबा समोर बसले होते, आणि त्यांना काय काय लागतं याची यादी त्यांच्याच अक्षरात आहे. पहिली ओळ : मराठी फॉन्ट.

सभेचं विचारताय? काका उठले. म्हणाले, "खजिनदारांनी खुलासा करावा, पान तीन, सिमेंटच्या गोण्या." बाबांनी खुलासा केला. काका बसले. हिशेब मंजूर.

संध्याकाळी मी पुण्याला निघाले, तेव्हा मॉनिटरवरचा पिवळा कागद काढायला हात पुढं केला. बाबा जरा घुटमळले. म्हणाले, "अगं, एक विचारू? तुझ्या त्या लिनक्समधला पत्त्यांचा खेळ... तो विंडोजमध्ये मिळतो का गं?"